पॉलिमर निवडताना सॉफ्टवेअरला नक्की काय विचारायचं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) असताना मी एकदा छोट्या गिअरबॉक्सचा गिअर नायलॉन ६ मध्ये केला होता, मे मध्ये ट्रायल एकदम झकास, आणि जुलैत बडोद्यात पाऊस लागला तसे गिअर फुगून जाम व्हायला लागले. चूक मटेरियल निवडायच्या सॉफ्टवेअरची नाही, मी ताकद नि किंमत एवढंच विचारलं होतं, पाण्याचं विचारलंच नाही तर ते बिचारं कशाला सांगेल.

म्हणून आधी कागद घ्या. पार्ट काम काय करतो, मोडला तर कशाने मोडेल (ऊन, तेल, पाणी, कायमचा लोड) आणि कमी काय करायचंय, वजन की पैसे, हे लिहा. मगच सॉफ्टवेअर उघडा. कॉलेजात असाल तर लॅबमध्ये ग्रँटा एज्युपॅक या सॉफ्टवेअरचं लायसन्स आहे का विचारा, नसेल तर मॅटवेब नि कॅम्पस हे मटेरियलचे ऑनलाइन डेटाबेस फुकट बघता येतात.

पहिलं काम चाळणी. तापमान, पाणी, केमिकल यांच्या लिमिट टाकायच्या नि बसत नाही ते उडवायचं. तापमानाला मेल्टिंग पॉइंट बघून खूश होऊ नका हं! नायलॉन ६६ वितळतं २६० डिग्रीच्या आसपास, पण साध्या ग्रेडचं एचडीटी (लोडखाली प्लास्टिक वाकायला लागतं ते तापमान) १.८ मेगापास्कलला जेमतेम ७०-७५, ३० टक्के ग्लास फायबर घातली की तेच २५० च्या घरात जातं, फक्त मग वॉर्पेज (पार्ट वाकडा होणं) सांभाळा.

मग चार्ट. उभा मॉड्युलस (म्हणजे ताठपणा), आडवी डेन्सिटी, दोन्ही लॉग स्केलवर (दर टप्प्याला दहापट). वाकणारा बीम हलका नि ताठ हवा असेल तर २ स्लोपची (उताराची) रेषा, पॅनल असेल तर ३ ची, आणि ती वर डावीकडे सरकवत न्यायची, रेषेच्या वर उरतील ते आपले. ही केंब्रिजच्या मायकल अ‍ॅशबींची पद्धत.

आता खरी गंमत. नायलॉन ६६ चा मॉड्युलस ३ गिगापास्कल दिसतो तो कोरड्याचा, हवेतली ओल पिऊन झाली की साधारण निम्मा उरतो, कॅम्पसवर ड्राय नि कंडिशन्ड दोन्ही आकडे असतात, दुसराच धरा. लोड कायमचा असेल तर साधा मॉड्युलस चालतच नाही, १००० तासांचा क्रीप मॉड्युलस (तेवढा वेळ लोडखाली हळूहळू ताणत गेल्यावर दिसणारा) शोधा.

किंमत किलोवर दिसते पण साचा भरतो व्हॉल्यूमने, म्हणून डेन्सिटीने गुणा. माझा गिअर शेवटी पॉम या प्लास्टिकमध्ये गेला (आमच्याकडे सगळे ब्रँडच्या नावाने डेलरिनच म्हणतात), पाणी अगदीच कमी पितं पण डेन्सिटी १.४१, नायलॉनची १.१४ च्या आसपास, त्यामुळे नग महाग पडला. आणि जोरदार अ‍ॅसिडजवळ पॉम नकोच.

यादीत दोन-तीन नावं उरली की दाणेवाल्याला (प्लास्टिकचे दाणे विकणाऱ्याला) फोन करून कुठला ग्रेड खरंच मिळतो ते विचारा, पाच-सहा नग मोल्ड करून आठवडाभर पाण्याच्या बादलीत टाका आणि आधी-नंतर व्हर्नियर लावून माप घ्या.