चंद्रपूरच्या हवेतला नायट्रोजन डायऑक्साइड उपग्रहातून कसा पाहावा

चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. एवढा कोळसा जळतो तिथे नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतोच, आणि तो अवकाशातून दिसतो. ही माहिती सगळ्यांसाठी खुली आहे आणि घरच्या संगणकावर फुकट बघता येते. माझा आग्रह एकच आहे: एका दिवसाच्या चित्रावरून निष्कर्ष काढू नका. का, ते पुढे येईलच.

आधी उपग्रह नेमकं काय मोजतो ते समजून घ्या. युरोपचा ‘सेंटिनेल-५पी’ १३ ऑक्टोबर २०१७ रोजी सोडला गेला. त्यावरचं ‘ट्रोपोमी’ हे उपकरण जमिनीवरून परावर्तित होऊन वर आलेला सूर्यप्रकाश टिपतं. नायट्रोजन डायऑक्साइड जांभळ्या-निळ्या प्रकाशातल्या ठरावीक तरंगलांबी शोषून घेतो. ४०५ ते ४६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यातल्या या खुणांवरून त्याचं प्रमाण काढतात. मग त्यातून वरच्या थराचा, म्हणजे स्थितांबरातला भाग वजा करतात. हाती येतो तो जमिनीपासून साधारण दहा-पंधरा किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेच्या स्तंभातला एकूण वायू. तुमच्या नाकाशी किती आहे, ते हा आकडा सांगत नाही. शिवाय उपग्रह दिवसातून साधारण एकदाच, दुपारी दीडच्या सुमारास जातो, म्हणजे संध्याकाळची वाहनांची गर्दी त्याला दिसतच नाही.

१. चित्र उघडा. युरोपच्या उपग्रहांची चित्रं दाखवणारं ‘कोपर्निकस ब्राउझर’ हे संकेतस्थळ शोधा आणि मोफत खातं काढा. उपग्रहांच्या यादीतून सेंटिनेल-५पी आणि त्यात नायट्रोजन डायऑक्साइडचा थर निवडा. नकाशा चंद्रपूरवर आणा आणि जानेवारीतला एखादा निरभ्र दिवस घ्या. चित्रातला एक चौकोन साधारण साडेतीन बाय साडेपाच किलोमीटरचा असतो, त्यामुळे गल्ली किंवा चौक शोधू नका. वीज केंद्र आणि त्याचा परिसर एवढंच कळेल.

२. वाऱ्याकडे बघा. लागोपाठचे चार-पाच दिवस पुढे-मागे करा. जास्त वायू दाखवणारा डाग जागचा हलेल, वारा जाईल तिकडे लांबेल, एखाद्या दिवशी जवळजवळ दिसेनासाही होईल. त्या दिवशी वीज केंद्र बंद होतं असं नाही. वाऱ्याने वायू पांगवलेला असतो. एका चित्रावर विसंबू नये ते यासाठी.

३. ढगाळ दिवस गाळा. ढगाखालचा वायू उपग्रहाला दिसत नाही. प्रत्येक नोंदीसोबत ० ते १ असा गुणवत्तेचा आकडा येतो. या वायूसाठी ०.७५ पेक्षा जास्त असलेल्या नोंदीच घ्याव्यात. जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भावर मोजक्याच नोंदी उरतात, म्हणून पावसाळ्याची सरासरी मी तुलनेला घेत नाही.

४. सरासरी काढा. इथे ‘गूगल अर्थ इंजिन’ सोयीचं पडतं; उपग्रहांच्या नोंदींवर गणित करून देणारी ही गूगलची ऑनलाइन सेवा आहे. त्यातल्या सेंटिनेल-५पीच्या संचात कमी गुणवत्तेच्या नोंदी आधीच गाळलेल्या असतात. तारखा द्या, महिनाभराची सरासरी मागा. आकडे ०.०००१२ असे छोटे दिसतील, कारण एकक आहे चौरस मीटरला मोल (मोल म्हणजे रेणूंची संख्या मोजायचं एकक). दहा लाखांनी गुणा, म्हणजे १२० मायक्रोमोल. असे आकडे तुलनेला सोपे जातात.

५. तुलना सारख्या काळाची करा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. हिवाळ्यात ऊन कोवळं असतं, त्यामुळे हा वायू हवेत जास्त वेळ टिकतो. जानेवारीचा आकडा मेपेक्षा मोठा आला म्हणून जानेवारीत जास्त कोळसा जळला असं ठरत नाही. जानेवारीशी जानेवारीच लावा. दुसरा सापळा संगणकीय पद्धतीचा आहे. २०२० च्या अखेरीस ढगांची गणना करण्याची रीत बदलली आणि प्रदूषित भागांतले आकडे वाढले. त्याआधीची आणि नंतरची वर्षं जोडायची असतील, तर एकाच आवृत्तीने पुन्हा मोजलेले संच घ्या. नाहीतर हवेत न झालेली वाढ तुमच्या आलेखात दिसेल.

हात बसावा म्हणून २५ मार्च ते २० एप्रिल हा काळ २०१९ आणि २०२० या दोन्ही वर्षांसाठी काढा. टाळेबंदीतल्या याच दिवसांवरून युरोपीय अवकाश संस्थेने मुंबई आणि दिल्लीत सुमारे ४० ते ५० टक्के घट दाखवली होती. त्याच नकाशात देशाच्या ईशान्येकडच्या कोळसा पट्ट्यावर मात्र डाग टिकून होते. गाड्या थांबल्या तरी वीज लागतच होती. मुंबई आणि चंद्रपूर शेजारी-शेजारी ठेवा आणि कुठे किती उतरलं ते स्वतः बघा.

६. जमिनीवरच्या हवा मोजणाऱ्या केंद्राशी ताडून पाहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर त्याच तारखांच्या, दुपारी एक ते दोनच्या नोंदी घ्या. तिथलं एकक घनमीटरला मायक्रोग्रॅम (२४ तासांची मर्यादा ८०), म्हणून आकडे थेट जुळणार नाहीत. चढ-उतार जुळतो का ते बघायचं. श्वासातल्या हवेबद्दल बोलायचं असेल तर केंद्राचा आकडा धरा, कारण प्रदूषित जागी ट्रोपोमी स्तंभाचं प्रमाण बरेचदा कमी दाखवतं. जिथे केंद्रच नाही अशा तालुक्यांसाठी मात्र उपग्रहासारखा साक्षीदार नाही.

चित्र कुणाला पाठवाल तेव्हा खाली तारखा, संचाची आवृत्ती, गुणवत्तेची मर्यादा आणि किती दिवसांच्या नोंदी उरल्या ते लिहा, म्हणजे समोरच्याला तोच नकाशा स्वतः काढून तपासता येईल.