हॉस्पिटलचं बिल आलं? कार्ड काढण्याआधी चॅरिटी केअरचा अर्ज करा

अमेरिकेत नव्याने आलेल्यांना इमर्जन्सी रूमचं बिल आलं की ते आधी रडतात, मग भरतात. मधे एक अर्ज करायचा असतो, तो राहतो.

करमाफी घेणाऱ्या ना-नफा हॉस्पिटलला आर्थिक मदतीचं, म्हणजे ऐपत नसलेल्यांचं बिल माफ किंवा कमी करण्याचं (यालाच चॅरिटी केअर म्हणतात), लेखी धोरण ठेवावंच लागतं. २०१०च्या आरोग्य कायद्याने करसंहितेत घातलेल्या कलम ५०१(आर)चं हे बंधन आहे. धोरण, त्याचा सोपा सारांश आणि अर्ज वेबसाइटवर असतात. मागितले तर कागदावरही फुकट मिळतात. उत्पन्नाची मर्यादा मात्र ज्याचं त्याचं हॉस्पिटल ठरवतं, त्यामुळे ग्रुपवरच्या ‘आम्हाला नाही मिळालं’ला काही अर्थ नाही. चौघांच्या कुटुंबाची २०२५ची दारिद्र्यरेषा ३२,१५० डॉलर होती. धोरणात दारिद्र्यरेषेच्या ३०० टक्के लिहिलं असेल, तर त्या हिशेबाने ९६,४५० डॉलरपर्यंत तुम्ही बसता. एका पगारावर चालणारी, जोडीदार एच-४वर (नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेली कितीतरी घरं यात येतात. ‘आपण काय गरीब आहोत का?’ हा ताठा महागात पडतो. इन्शुरन्स असला तरी डिडक्टिबलच्या (इन्शुरन्स सुरू होण्याआधी आपल्या खिशातून भरायच्या) रकमेसाठी अर्ज चालतो का, हे धोरणात बघा.

डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलाची तारीख लिहून ठेवा. तिथून निदान २४० दिवस अर्ज घ्यावाच लागतो. पहिले १२० दिवस हॉस्पिटलला दावा लावता येत नाही, क्रेडिट ब्युरोला कळवता येत नाही. नंतरही आधी ३० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. फोनवरची बाई ‘आजच भरा’ म्हणाली तरी घाबरू नका.

आणि कृपा करून बिल क्रेडिट कार्डावर टाकू नका. काउंटरवर ‘बिनव्याजी’ म्हणून गळ्यात मारतात ते मेडिकल कार्डही नको. कार्डावर गेलं की ते बँकेचं कर्ज झालं. पुढे अर्ज मंजूर होऊन हॉस्पिटलने जास्तीचे पैसे परत केले, तरी मधल्या काळातलं बँकेचं व्याज तुमच्याच माथी. आधी अर्ज, मग निकाल, मग पैसे. मी हे प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण भरून मोकळा होऊन मगच फोन करतो.

अर्जासोबत साधारणपणे पगाराच्या अलीकडच्या स्लिपा, मागच्या वर्षीचं टॅक्स रिटर्न आणि बँक स्टेटमेंट लागतं. जोडीदाराला उत्पन्न नसेल तर तो रकाना कोरा सोडू नका, शून्य लिहा आणि सहीचं दोन ओळींचं पत्र जोडा; कोऱ्या रकान्यावर अर्ज अडकतो. अपुरा अर्ज आला तर काय राहिलंय ते हॉस्पिटलने लेखी कळवायचं असतं. धोरणात किंवा अर्जात न मागितलेला कागद नाही म्हणून नकार देता येत नाही.

इमर्जन्सीचे डॉक्टर, भूल देणारे, रेडिओलॉजिस्ट यांची बिलं बऱ्याचदा वेगळ्या कंपनीकडून येतात. धोरणासोबत कोण त्यात येतं आणि कोण नाही याची यादी असते. बाहेरच्यांशी वेगळं बोला.

भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी काही हॉस्पिटलं त्या भागातला रहिवास मागतात, ते वाचून घ्या. मदत घेतली तर ग्रीन कार्ड अडेल या भीतीने अर्ज टाळणारेही भेटतात. हॉस्पिटलने स्वतःच्या बिलात दिलेली सूट ही सरकारी रोख मदत नव्हे. शंका असेल तर वकिलाला विचारा, ग्रुपवरच्या काकांना नको.

मंजुरीचं पत्र आलं की त्यावरची मुदत बघा आणि राहिलेल्या तपासण्या त्या आत उरकून घ्या.