तरंगांचे प्रकरण अभ्यासताना या चुका टाळा

ठाण्यात अकरावी-बारावीच्या मुलांच्या सराव उत्तरपत्रिका तपासताना मला एक चूक वारंवार आढळते. वेग म्हणजे वारंवारिता (सेकंदाला होणारी कंपने) गुणिले तरंगलांबी (लगतच्या दोन शिखरांमधले अंतर) हे सूत्र सर्वांना पाठ असते, परंतु त्यातली कोणती राशी कशामुळे ठरते याचा विचार झालेला नसतो. वारंवारिता ध्वनीच्या स्रोतावर अवलंबून असते, वेग माध्यमावर, आणि तरंगलांबी या दोहोंवरून ठरते. म्हणून ३४० हर्ट्झचा ध्वनी हवेतून पाण्यात शिरला तरी त्याची वारंवारिता ३४० हर्ट्झच राहते. वेग मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटरवरून १५०० मीटरच्या आसपास पोहोचतो आणि तरंगलांबी १ मीटरची जवळजवळ ४.४ मीटर होते. ‘वेग वाढला म्हणून वारंवारिता वाढली’ असे एकदा लिहिले, की पुढचे सारे गणित चुकते.

तरंगाचा वेग आणि कणाचा वेग यांतही गल्लत होते. तलावपाळीला कठड्याशी उभे राहून पाण्यावरचे एखादे पान पाहावे: लहरी काठाकडे येत राहतात, पान मात्र जवळपास जागच्या जागी वरखाली होते. आलेखाच्या प्रश्नात म्हणूनच आधी आडवा अक्ष वाचावा. त्यावर काळ असेल तर लगतच्या दोन शिखरांमधून आवर्तकाल (एका कंपनाला लागणारा वेळ) मिळतो, अंतर असेल तर तरंगलांबी.

नळीतील हवेच्या कंपनांवरील गणिते आकृतीशिवाय सोडवूच नयेत, असे माझे ठाम मत आहे. बंद टोकाशी नोड (जिथे हवा हलत नाही तो बिंदू), उघड्या टोकाशी अँटिनोड (जिथे ती सर्वाधिक हलते तो बिंदू), आणि या लगतच्या दोहोंतील अंतर तरंगलांबीच्या एक चतुर्थांश, एवढे काढले की एका टोकाशी बंद नळीत केवळ विषम हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या १, ३, ५ अशा पटीतले स्वर) का मिळतात हे डोळ्यांना दिसते. तिचा पहिला ओव्हरटोन (मूळ स्वरानंतर मिळणारा पहिला वरचा स्वर) हा तिसरा हार्मोनिक असतो. अनेक जण तो दुसरा लिहितात. टोकाची दुरुस्ती (अँटिनोड उघड्या टोकाच्या किंचित बाहेर असतो, म्हणून लांबीत मिळवायचे अंतर) नळीच्या आतील व्यासाच्या ०.३ पट घ्यावी, आणि दोन्ही टोके उघडी असतील तर ती दोनदा मिळवावी.

बीट्सच्या, म्हणजे जवळपास सारख्या वारंवारितेचे दोन ध्वनी एकत्र वाजताना ऐकू येणाऱ्या आवाजाच्या चढउतारांच्या, गणितात दोन शक्यता असतात. २५६ हर्ट्झच्या नादकाट्याबरोबर सेकंदाला ४ बीट्स आले, तर दुसरा काटा २५२ किंवा २६० हर्ट्झचा असतो. त्या दुसऱ्या काट्याला थोडे मेण लावल्यावर त्याची वारंवारिता कमी होते. त्यामुळे बीट्स ४ वरून ३ झाले तर उत्तर २६०, आणि ५ झाले तर २५२.