कोच लावताय? पैसे भरण्याआधी या चुका टाळा

फी वडील भरतात, कोचसमोर मुलगा बसतो. जळगावच्या एमआयडीसीतला चटईचा कारखाना असो की रावेरचा केळीचा व्यापार, नवी पिढी धंद्यात उतरली की घरातलंच कोणीतरी सुचवतं, "एखादा बिझनेस कोच लावून बघू." हा कोच म्हणजे ठरलेल्या सत्रांत समोर बसून बोलणारा आणि माणसाला धंद्यातली उद्दिष्टं गाठायला मदत करणारा. लावावा, चांगला कोच मिळाला तर फायदा होतो. पण घोळ होतो तो बहुतेक वेळा एकाच जागी.

दोन-तीन सत्रं झाली की वडिलांचा फोन जातो, "सर, काय म्हणतो आमचा पोरगा? मन लागतंय ना धंद्यात?" कोच ओळखीतला, पाहुण्यारावळ्यांतला. तो सहज बोलून जातो, "पोरगा हुशार आहे भाऊ, पण पुण्याची ओढ अजून गेलेली नाही." रात्री जेवताना घरात तोच विषय. त्यानंतर मुलगा सत्राला जातो, बसतो, वरवरचं बोलतो आणि परत येतो. फी मात्र चालूच राहते.

पैसे मी देतो म्हणजे आत काय बोललं गेलं हे कळण्याचा हक्कही माझा, ही पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही 1995 साली स्थापन झालेली कोच लोकांची जागतिक संघटना. तिच्या नीतिसंहितेत पैसे भरणारा प्रायोजक आणि प्रत्यक्ष कोचिंग घेणारा क्लायंट यांना वेगवेगळं धरलं आहे. कोणाला काय कळवायचं, हे काम सुरू होण्याआधी तिघांनी मिळून ठरवायचं असतं. मी तर म्हणेन, एका पानावर मराठीत लिहून तिघांच्या सह्या घ्या. मुलगा सत्रांना हजर होता का आणि ठरलेल्या उद्दिष्टांवर काम चाललंय का, एवढं वडिलांना कळावं. बाकीचं मुलाला वाटलं तर तो स्वतः सांगेल. गोपनीयतेलाही मर्यादा आहेत: बेकायदा कृत्य, कायद्याने मागितलेली माहिती, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका. चांगला कोच या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगतो. नाही सांगितल्या, तर आपण विचाराव्यात.

बात आधीच फुटली असेल तर गप्प बसू नका. कोचला समोरासमोर विचारा की काय सांगितलं, कोणाला सांगितलं. मग वरचं पान आता तरी लिहून घ्या. तो टोलवाटोलवी करू लागला तर कोचिंग थांबवा. मध्येच थांबण्याचा हक्क क्लायंटला आहे, आणि त्यासाठी कोणाच्या भिडेला पडायचं कारण नाही. आपल्याकडे ही भीडच जास्त नडते. कोच मामांच्या ओळखीचा निघतो आणि नको असलेली सत्रं वर्षभर ओढली जातात.

दुसरी चूक खात्रीला भुलण्याची. "सहा महिन्यांत उलाढाल दुप्पट" असं लिहून देणाऱ्याकडे जाऊच नका. कोचिंगसाठी आपल्या देशात सरकारी परवाना लागत नाही, कोणीही पाटी लावू शकतो. त्यामुळे कोचला प्रशिक्षण विचारा. वर सांगितलेल्या संघटनेचं सुरुवातीचं प्रमाणपत्र, एसीसी, मिळवायलासुद्धा किमान 60 तासांचं प्रशिक्षण आणि 100 तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. कोच एखादं सॉफ्टवेअर किंवा सल्लागार सुचवत असेल, तर त्यात त्याला कमिशन आहे का हेही विचारा. ते उघड करणं त्याचं कर्तव्य आहे.

तिसरी चूक मला फार गंभीर वाटते. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, जगणं नकोसं वाटतं, अशा माणसाला कोचकडे पाठवतात, कारण मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं तर गावात चर्चा होते. कोच इलाज करू शकत नाही. अशा वेळी त्याने क्लायंटला स्वतः पुढे पाठवायला हवं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 या सरकारी क्रमांकावर रात्री-बेरात्रीही मोफत बोलता येतं, आणि तेही मराठीत.

फी एकरकमी भरू नका, टप्प्याटप्प्याने भरा. परताव्याची अट आधी लिहून घ्या आणि पावती घ्या. पैसे अडकलेच तर आधी लेखी मागणी करा, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि सेवेसाठी भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाचं शुल्क नाही. मात्र कोचिंग मोठ्या फर्मच्या नावावर घेतलं असेल, तर समोरचा "ही सेवा व्यावसायिक कामासाठी होती, तुम्ही ग्राहकच नाही" असा मुद्दा काढू शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, त्यामुळे पावती कोणाच्या नावाने फाडायची हे पहिल्याच दिवशी वकिलाला विचारून ठरवा. कोच त्या संघटनेचा सभासद किंवा प्रमाणपत्रधारक असेल, तर नीतिभंगाची वेगळी तक्रार तिच्याकडेही करता येते. त्यासाठी करारपत्र आणि व्हॉट्सॲपवरचे मेसेज जपून ठेवा.