'जे' असलेले पाच अक्षरी इंग्रजी शब्द कसे शोधावेत

वर्डल या पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायच्या खेळात 'जोकर' हा शब्द टाकला आणि 'जे'चं घर पिवळं झालं, की चांगले चांगले अडतात. पिवळं म्हणजे अक्षर शब्दात आहे, पण या घरात नाही. आता डोक्यात येतात जज, ज्यूस, जेली, जंबो. सगळ्यांत 'जे' पहिल्याच घरात! अशा वेळी शब्द आठवत बसू नये, अक्षराच्या जागा तपासाव्यात. ती रीत एकदा कळली की स्क्रॅबल, शब्दकोडं, मुलांचा स्पेलिंगचा खेळ, कुठेही चालते.

आधी मोजणी नीट करा

आपण अक्षरं मोजतो ती मराठी सवयीने. 'स्क्वॉड' आपल्याला दोन अक्षरी वाटतो, पण त्याचं स्पेलिंग पाच अक्षरांचं आहे. 'स्ट्रेंग्थ'मध्ये तर आठ अक्षरं आणि स्वर एकच. म्हणून कागदावर पाच घरं आखा आणि एकेका घरात एकच इंग्रजी अक्षर लिहा. तोंडाने मोजाल तर फसाल.

कानावर विश्वास ठेवू नका

इथे मराठी माणसाची खास पंचाईत होते. आपल्या एका 'ज'खाली इंग्रजीतली निदान चार अक्षरं लपतात. मॅजिक, लॉजिक, एंजल, जायंट, स्टेज हे सगळे पाच अक्षरी, पण सगळ्यांत 'जी' आहे. प्राइजमध्ये 'झेड', नॉइजमध्ये 'एस'. उलट 'के' शोधत असाल तर नाइफ, नोन हे शब्द कानाला सापडणारच नाहीत, कारण त्यांचा पहिला 'के' उच्चारातच नाही. सुचलेला शब्द लिहून बघितल्याशिवाय मोजू नये तो यासाठी.

'जे'ला एकेका घरात बसवून पाहा

पहिलं घर सोपं. इंग्रजीत 'जे'नंतर जवळजवळ नेहमी स्वर येतो, तेव्हा 'ए, ई, आय, ओ, यू' एकेक करून लावा: जेली, ज्वेल, जॉइंट, जोकर, ज्यूस, जज. 'जे'च्या मागे 'आर' किंवा 'एल' लावून वेळ घालवू नका, काही हाती लागत नाही.

दुसरं घर जवळपास ओसाड आहे. इजेक्ट आठवतो. बाकीचे पाहुणे: नॉर्वेहून आलेला फ्योर्ड (एफ-जे-ओ-आर-डी) आणि अरबीतून आलेला जिन, ज्याच्या एका स्पेलिंगमध्ये आधी 'डी' आणि मग 'जे' येतो. दिव्यातल्या जिनने एवढी अक्षरं घ्यायची काही गरज नव्हती, पण कोड्यात फार उपयोगी पडतो.

तिसऱ्या घरात मेजर आणि एन्जॉय हे रोजचे शब्द आहेत. तिथेच आपला राजाही बसतो, शेवटी 'एच' लावून पाच अक्षरांचा झालेला.

चौथ्या घरात बँजो, निंजा आणि, हसू नका, गांजा. शब्द आपल्याकडूनच तिकडे गेला.

पाचवं घर सोडून द्या. अस्सल इंग्रजी शब्द 'जे'वर संपत नाही. शेवटी 'ज' ऐकू आला तर तिथे 'जीई' किंवा 'डीजीई' असतं. खुद्द 'जज'चं शेपूट तेच. 'जे'वर संपणारे जे थोडे शब्द इंग्रजी कोशांत आहेत, त्यांत राज आणि स्वराज आहेत, पण त्यांची अक्षरं तीन आणि सहा. आपल्या पाच घरांत बसत नाहीत.

या अक्षराची जागा अशी मर्यादित का, याचं थोडं उत्तर इतिहासात आहे. 'जे' हे मुळात 'आय'चंच एक वळण. 1611 साली छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्ये जीझस 'आय'ने सुरू होतो आणि 1755 च्या सॅम्युएल जॉन्सनच्या कोशातही 'आय' आणि 'जे'चे शब्द एकाच रांगेत आहेत. स्क्रॅबलच्या 100 सोंगट्यांत 'ई' 12 वेळा येते, 'जे' फक्त एकदा, म्हणून त्याला गुण 8.

दुसरं अक्षर असेल तर

रीत तीच, फक्त त्या अक्षराच्या खोडी माहीत हव्यात. 'क्यू'च्या मागे 'यू' आलाच: क्वीन, क्विक, ईक्वल, स्क्वॉड. अपवाद बहुतेक परदेशी शब्दांचे, आणि ते मराठी वाचकाला तोंडपाठ आहेत: बुरखा, फकीर, तलाक. अरबीतल्या घशातून काढायच्या 'क'साठी इंग्रजीने नुसता 'क्यू' घेतला, त्यामुळे बुरख्यात तो चौथ्या घरात आणि तलाकमध्ये थेट शेवटी आहे. बुरख्याच्या इंग्रजी स्पेलिंगात मात्र 'ख' शोधू नका. 'व्ही'ला शब्दाच्या शेवटी राहायला आवडत नाही, म्हणून मागे मुकी 'ई' येते: सर्व्ह, सॉल्व्ह, लीव्ह. तिथे पाचवं घर 'ई'ने भरून टाका, काम चारच घरांचं उरतं.

संगणकाकडून यादी हवी असेल तर

इंटरनेटवर इंग्रजी शब्दांच्या मोफत याद्या मिळतात. एक यादी एक्सेलच्या एका रकान्यात चिकटवा, फिल्टर लावा आणि टेक्स्ट फिल्टर्समधून कस्टम फिल्टर उघडा. पहिल्या अटीत 'इक्वल्स' निवडून सलग पाच प्रश्नचिन्हं टाका. एक प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतंही एक अक्षर. मध्ये 'अँड' ठेवून दुसऱ्या अटीत 'कंटेन्स' निवडा आणि हवं ते अक्षर लिहा. घर ठाऊक असेल तर दुसऱ्या अटीची गरजच नाही: दोन प्रश्नचिन्हं, 'जे', पुन्हा दोन प्रश्नचिन्हं, की तिसऱ्या घरातले सगळे हजर.

यादीत मात्र असे कितीतरी शब्द निघतील जे कुणी जन्मात वापरत नाही. वर्डल बनवणाऱ्या जॉश वॉर्डललाही हीच अडचण आली होती. पाच अक्षरी शब्द सुमारे 12,000 होते. त्याची जोडीदार पलक शाह हिने आपल्या ओळखीचे तेवढे ठेवत ते सुमारे 2,500 वर आणले. वर्डल खेळत असाल तर तुम्हीही तशीच चाळण लावा. स्क्रॅबल खेळत असाल तर नेमकी चाळणीवर उरलेली भरड जपून ठेवा.