धुऱ्यापलीकडचं विमान

माझं गाव आमगाव तालुक्यात. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी तशी दूर नाही, पण लहानपणी विमान म्हणजे धान कापता कापता मान वर करून पाहायची चीज. आता मी हवाई वाहतूक नियंत्रणाच्या यंत्रणा सांभाळतो. गावातली पोरं विचारतात, "दादा, तुमचं काम काय?"

मी धुऱ्यापासून, म्हणजे शेताच्या बांधापासून सांगतो. आकाशालाही धुरे असतात. आपल्या मुंबई हवाई विभागाच्या धुऱ्याला कराची आणि मस्कत लागून आहेत. विमान धुरा ओलांडण्याआधी आपला कंट्रोलर पलीकडच्याला कळवतो: कुठल्या बिंदूवर, किती वाजता, किती उंचीवर. पूर्वी हे सारं हॉटलाइनवर बोलून व्हायचं. आता जिथे एआयडीसी, म्हणजे दोन केंद्रांच्या संगणकांमधली थेट संदेशयंत्रणा सुरू आहे, तिथे एका देशाचा संगणक संदेश पाठवतो आणि दुसऱ्याचा 'मान्य' म्हणतो.

म्हणतो, जर दोघांकडचा फ्लाइट प्लॅन, म्हणजे विमानाच्या मार्गाचा आराखडा जुळला तर! नवा असताना मी एकदा दोन दिवस लॉग चाळत बसलो होतो. लिंक ठणठणीत, तरी संदेश नाकारले जात होते. शेवटी कळलं, की विमान कंपनीने मार्ग बदलला होता आणि सुधारित प्लॅन एकाच बाजूला पोचला होता. बांधावर दोन भाऊ वेगवेगळा सातबारा घेऊन उभे, तसं. तोवर कंट्रोलर बिचारे फोनवरच.

या कामात यायचं असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या जागा अलीकडे गेट (GATE) या इंजिनिअरिंगच्या परीक्षेच्या गुणांवर भरल्या गेल्या. कंट्रोलर व्हायला भौतिकशास्त्र-गणित घेऊन बी.एस्सी. चालते, त्याची परीक्षा वेगळी. क्लासच्या जाहिरातींपेक्षा विमानतळ प्राधिकरणाची मूळ जाहिरात वाचा. इंग्रजीची भीती मलाही होती; ती रोज मोठ्याने वाचून गेली.

आणि यूबरलिंगेनचा अपघात जरूर अभ्यासा. १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीवर दोन विमानं धडकली, ७१ माणसं गेली. ते आकाश स्वित्झर्लंडमधलं झुरिक सांभाळत होतं. कार्ल्सरूहेच्या जर्मन कंट्रोलरला धोका दिसला, त्याने झुरिकला फोन लावला, पण लागेना. मुख्य फोनयंत्रणा देखभालीसाठी बंद होती आणि पर्यायी लाइन बिघडलेली.

देखभालीसाठी. म्हणजे माझ्यासारख्याच कुणाच्या तरी कामासाठी. म्हणून काही बंद करायच्या आधी मी पर्यायी लाइनवरून पलीकडे फोन लावून बघतो. कुणीतरी झोपाळल्या आवाजात उत्तर देतं, मग मी स्विचला हात लावतो.