घरच्या हिरवळीसाठी लॉनमोवर निवडताना

लॉनमोवर विकत घेण्यापूर्वी हिरवळीची लांबी-रुंदी टेपने मोजून घ्यावी, कारण दुकानात उभे राहिल्यावर आपली बाग आहे त्यापेक्षा मोठी वाटू लागते आणि गरजेहून जड यंत्र घरी येते. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१ चौरस मीटर. एवढ्या जागेवर ३० सेंटिमीटर रुंदीची कापणी करणारे यंत्र फिरवायचे, तर साधारण ३४० मीटर चालावे लागते. प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर थोडा चढवायचा असल्याने प्रत्यक्षात ४०० मीटरच्या आसपास धरावे. तेवढ्यासाठी इंजिनाची मुळीच गरज नसते, आणि फुलझाडे, पायवाट व गाडीची जागा वगळली तर बंगल्याभोवतीची हिरवळ बहुधा गुंठ्याच्या आतच असते.

क्षेत्रफळानंतर गवताची जात पाहावी. हरळी, म्हणजे आपली दूर्वा, आडवी पसरत जाते आणि आखूड कापलेली तिला मानवते. तिच्यासाठी हाताने ढकलायचा रील मोवर उत्तम. त्यातली गोल फिरणारी पाती खालच्या स्थिर पात्यावर घासून जातात आणि गवत कात्रीने कापावे तसे कापतात. एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० साली पेटंट घेतलेले यंत्र याच तत्त्वावर चालत असे. रोटरी मोवरचे पाते मात्र पंख्यासारखे आडवे फिरते आणि वेगाच्या जोरावर गवत तोडते, त्यामुळे ते बोथट झाले की गवताची टोके फाटतात आणि दोन दिवसांत हिरवळीवर पांढुरकी छटा दिसू लागते.

तरीही रील मोवर प्रत्येकाला सोयीचा ठरेल असे नाही. गवत फार वाढले की त्याची फिरती पाती ते कापण्याऐवजी पुढे लोळवतात, आणि आपल्याकडे असे होण्याची वेळ दरवर्षी ठरलेली असते. आषाढ-श्रावणात आठ दिवस संततधार लागली, की ओल्या गवतावर कापणी करता येत नाही आणि उघडीप मिळेपर्यंत गवत घोट्याला येते. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये हा सर्वमान्य नियम आहे. हिरवळ तीन सेंटिमीटर ठेवायची, तर साडेचार सेंटिमीटरला पोहोचताच कापायला हवी. कोकणात, घाटमाथ्यावर किंवा जिथे दर आठवड्याला कापणी होणे शक्य नाही अशा घरी हा नियम पावसाळ्यात पाळला जात नाही, म्हणून तिथे उंची कमी-जास्त करता येणारा रोटरी मोवरच घ्यावा, असे माझे मत आहे. जांभ्याचे खडे वर येणाऱ्या जमिनीतही रील मोवरची पाती लवकर खराब होतात.

रोटरी घ्यायचा ठरल्यास प्रश्न उरतो तो विजेचा की पेट्रोलचा. एक-दोन गुंठ्यांपर्यंत वायरवर चालणारे विजेचे यंत्र स्वस्त आणि पुरेसे असते, पण बागेतल्या सॉकेटला ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा सुरक्षा-स्विच, बसवलेला नसेल, तर आधी तो बसवून घ्यावा. कापणीची सुरुवात सॉकेटजवळून करून दूर जात राहावे, म्हणजे वायर नेहमी कापून झालेल्या बाजूला पडून राहते. बॅटरीवरच्या यंत्राला वायरची कटकट नसते. मात्र बॅटरी सोबत मिळते की वेगळी घ्यावी लागते, हे किंमत पाहतानाच विचारावे. पेट्रोलचे यंत्र पाच-सहा गुंठ्यांच्या पुढे, फार्महाउसवर शोभते. तिथेही उन्हाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवावी लागते, कारण हल्लीच्या पेट्रोलमधले इथेनॉल हवेतला ओलावा शोषते आणि जुने पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरते. इतकी निगा घरात कोण घेणार, याचा विचार पेट्रोलचे यंत्र घेण्याआधीच करावा. माळीकाका आठवड्यातून एकदा येत असतील, तर यंत्र त्यांच्या हाताला हलके लागते का, हेही त्यांनाच विचारलेले बरे.

रील मोवर घेताना दुकानातच एक परीक्षा करावी. वर्तमानपत्राच्या कागदाची अरुंद पट्टी खालच्या पात्यावर धरून फिरती पाती हाताने नव्हे, तर चाक हळूच पुढे ढकलून फिरवावीत. पात्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी पट्टी स्वच्छ कापली गेली पाहिजे; एखाद्या ठिकाणी ती नुसती दुमडली, तर तिथे पात्यांत फट आहे. ही फट स्क्रूने कमी करता येते, ते विक्रेत्याकडून समोर करून घ्यावे, आणि खालचे पाते सुटे मिळते का याची चौकशी करूनच पैसे द्यावेत.